यवतेश्वरच्या घाटात, उघड्या कानांनी

वाचकहो, साताऱ्यात मुक्काम करण्याचा योग आला, तर एक पहाट यवतेश्वरच्या घाटासाठी राखून ठेवा. साडेपाचच्या सुमारास राजवाड्यावरून पश्चिमेकडे निघावे, समर्थ मंदिराचा परिसर मागे टाकावा आणि कास पठाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागावे. उजाडायला अजून अवकाश असतो. वळून पाहिले की शहराचे विरळ दिवे आणि त्यांच्यावर अजिंक्यताऱ्याची काळी आकृती दिसते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मधून वळणे घेत वर जाणारा रस्ता. घाट संपूर्ण चढायची आवश्यकता नाही. आपल्या वयाला आणि गुडघ्यांना झेपेल त्या वळणापर्यंत जावे, कठड्यापाशी थांबावे आणि केवळ ऐकावे.

प्रथम आपलाच श्वास ऐकू येईल. मग खालच्या वस्तीतला कोंबडा, दुधाच्या किटल्या घेऊन उतरणारी मोटारसायकल, दूरवर गिअर बदलणारी एस.टी. पावसाळा असेल तर ओहोळांचा आवाज आणि नशीब थोर असेल तर शीळकरी कस्तुराची, एखाद्या मुलाने रमतगमत घालावी तशी शीळ. आणि त्यानंतर, मागून येणारी पावले. टप, टप, टप. ही धावणाऱ्यांची पावले.

या घाटाला धावपटूंचे वेड लागले ते २०१२ पासून. त्या वर्षी साताऱ्यात डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असे हे सुमारे २१ किलोमीटरचे अंतर. चढ आधी, उतार नंतर. शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात असली, तरी तिची तयारी करणारी मंडळी बारा महिने घाटात दिसतात. त्यांत विशीतले तरुण असतात, तसेच साठी ओलांडलेलेही. आणि त्यांतील अनेकांच्या कानांत इवलीशी ध्वनियंत्रे खोचलेली असतात.

माझी धाकटी कन्या पुण्याला नोकरी करते. शनिवार-रविवारी घरी आली की ती घाटात धावते आणि मी तिच्या मागून, माझ्या चालीने, दुसऱ्या-तिसऱ्या वळणापर्यंत चालत जातो. गेल्या वर्षी तिने मला विचारले, "बाबा, गाणी ऐकत धावलं तर काय बिघडतं?" मी वडीलकीच्या सुरात उत्तर दिले, "धावताना कसली गाणी? धावणं म्हणजे तपश्चर्या." उत्तर देऊन मी मोकळा झालो. पण तो प्रश्न मला सोडायला तयार नव्हता. त्याचे कारण आमच्या घरातच होते, ते पुढे सांगतो. आधी आपण घाट चढू या.

चढ

संगीताची बाजू प्रामाणिकपणे मांडायची, तर ती भक्कम आहे. १९११ साली लिओनार्ड आयर्स यांनी न्यूयॉर्कच्या सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत एक गोष्ट टिपली. बँड वाजू लागला की सायकलस्वारांचा वेग वाढे आणि तो थांबला की उतरे. त्यानंतरच्या शतकभरात या विषयावर पुष्कळ काम झाले. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्तास कारागेऑर्गिस यांनी तर आपले संशोधनजीवन यालाच वाहिले. व्यायाम हलका किंवा मध्यम असेल, तर आवडते संगीत ऐकताना श्रम कमी झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते तेवढेच असतात, पण जाणीव सुमारे दहा टक्क्यांनी हलकी होते. व्यायामासाठी मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची लय बहुतेकांना मानवते, असेही या अभ्यासांतून पुढे आले.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्या लक्षाची ओंजळ लहान आहे. तिच्यात गाणे भरले की पायांच्या तक्रारीला जागा उरत नाही. शिवाय ठेका ऐकला की मेंदूतील हालचालींची केंद्रे आपोआप जागी होतात. तबला सुरू झाला की आजोबांचे बोट खुर्चीच्या हातावर वाजू लागते, ते त्यामुळेच. इथिओपियाचे थोर धावपटू हाइले गेब्रसेलासी यांनी १९९८ साली बर्मिंगहॅम येथे बंदिस्त मैदानावर २००० मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांच्या आवडीचे 'स्कॅटमॅन' हे गाणे ध्वनिक्षेपकावर लावले होते. त्याचा ठेका त्यांच्या पावलांशी जुळत असे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग वाद कशाचा? वाद घाटाच्या दुसऱ्या वळणावर सुरू होतो.

तिथे चढ अंगावर येतो. श्वास जड होतो, हृदयाचे ठोके वाढतात. श्रम या पातळीला पोहोचले की संगीताची जादू ओसरते, असेही त्याच संशोधनात दिसले आहे. शरीर इतक्या मोठ्याने बोलू लागते की गाणे मागे पडते. आणि गंभीर धावपटूला नेमके तेच बोलणे ऐकायचे असते. १९७७ साली विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या अमेरिकी संशोधकांनी उच्च दर्जाच्या मॅरेथॉन धावपटूंना विचारले, धावताना तुम्ही मनात काय करता? त्यांची अपेक्षा होती की हे लोक वेदना विसरण्यासाठी मन दुसरीकडे गुंतवत असतील. निष्कर्ष उलटा निघाला. मन इतरत्र नेण्याची युक्ती सामान्य धावपटू करीत होते. अव्वल धावपटू मात्र सतत स्वतःच्या श्वासाकडे, पोटऱ्यांकडे, मांड्यांकडे, पावलांकडे लक्ष देत होते आणि त्यावरून वेग ठरवीत होते.

माझ्या मुलीनेही हे घाटातच शिकून घेतले. गाणे एकाच लयीत वाजत राहते, घाट मात्र प्रत्येक वळणावर लय बदलतो. तीव्र चढावर पाऊल आखूड करावे लागते, सपाटीवर लांबवावे लागते. ठेक्यामागे धावणारा चढावर आपली शिल्लक वेळेआधीच खर्च करून बसतो आणि खर्च झाल्याचे त्याला कळतही नाही.

आपणा ज्येष्ठांसाठी याचे सोपे रूप आहे. मध्यम गतीने चालताना माणसाला बोलता यावे, पण गाता येऊ नये. गाता येत असेल तर चाल थोडी वाढवावी. बोलायलाही धाप लागत असेल तर कमी करावी. हे मोजमाप हातातल्या घड्याळाशिवाय होते, पण स्वतःचा श्वास ऐकू येत असेल तरच.

वळण

आता मी माझी चूक सांगतो. मुलीला तपश्चर्येचा उपदेश करणारा मी स्वतः काही महिन्यांपासून दोन्ही कानांत यंत्रे घालून घाटात चालू लागलो होतो. जुनी नाट्यपदे ऐकत चाललो की चढ जाणवत नसे. गेल्या पावसाळ्यातील एका सकाळी धुके उतरले होते. मी रस्त्याच्या डाव्या कडेने, वाहनांकडे पाठ करून चाललो होतो. समोरून मुलगी उतरत येत होती. ती अचानक दोन्ही हात हलवू लागली. मला वाटले, आनंदाने हात दाखवते आहे. मीही हात वर केला. त्याच क्षणी माझ्या कोपराला वाऱ्याचा झोत लागला आणि भाजीचा एक टेम्पो अगदी जवळून पुढे गेला.

चूक टेम्पोवाल्याची नव्हती. त्याने दोनदा भोंगा वाजवला होता, असे मुलीने नंतर सांगितले. त्या वेळी माझ्या कानांत एक पल्लेदार तान चालू होती. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या कानांतील यंत्रे काढून स्वतःच्या खिशात ठेवली. आम्ही निःशब्द उतरलो. वाटेत माझ्या मनात एकच विचार होता. ज्यांना सकाळी हात धरून उठवायचे असते, त्या घरी माझी वाट पाहत होत्या.

वाचकहो, वय वाढते तसे डोळे आणि पायांचे तळवे पूर्वीइतकी खात्रीची वार्ता देत नाहीत. अशा वेळी कान हा मोठा आधार असतो. मागे काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते कानच सांगतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फ्रँक लिन आणि त्यांचे सहकारी लुइगी फेरुची यांच्या २०१२ मधील अभ्यासात, सौम्य श्रवणदोष असलेल्या व्यक्तींनी पडल्याची नोंद करण्याचे प्रमाण चांगले ऐकू येणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळले. एकामुळेच दुसरे घडते असे यावरून सिद्ध होत नाही. पण ज्याला ऐकू कमी येते त्याने फिरायला जाताना श्रवणयंत्र घरी ठेवू नये आणि ज्याला ऐकू येते त्याने आपले कान स्वतःहून बुजवू नयेत, एवढा बोध आपण घ्यावा.

दुसरी गोष्ट लक्षाची. स्वीडनमधील लिलेमोर लुंडिन-ओल्सन यांनी १९९७ साली एक साधी चाचणी केली. वृद्धनिवासातील ५८ व्यक्तींबरोबर चालताना सहज बोलणे सुरू करायचे आणि कोण थांबते ते पाहायचे. बोलण्यासाठी १२ जण थांबले. पुढील सहा महिन्यांत त्यांपैकी १० जण पडले. चालणे हे ज्यांच्यासाठी आता आपोआप होणारे काम उरलेले नाही, त्यांचे सारे लक्ष पावलांना लागते, म्हणून ते थांबतात. जी व्यक्ती चालता चालता बोलण्यासाठी थांबते, तिला 'चला, चला' म्हणून ओढू नका. तिला मागून हाक मारू नका. बाजूने चाला, बोलायचे असेल तेव्हा दोघेही थांबा. मोबाइलवरचे प्रवचन, बातम्या किंवा गुंतवून ठेवणारी गोष्ट अशा व्यक्तीच्या कानात चालताना देऊ नका.

माथा

घाट संपतो तिथे यवतेश्वराचे जुने शिवमंदिर आहे. कासच्या वाटेने थोडे पुढे गेले की डोंगराची सोंड अरुंद होते. एका बाजूला कण्हेरचे पाणी चमकते, दुसऱ्या बाजूला उरमोडीचे, आणि पलीकडे सज्जनगड उभा दिसतो. इथे वारा इतका असतो की बोलणेही हळू ऐकू येते. धावणारी मंडळी इथे पाणी पितात, घाम पुसतात आणि कानांतील यंत्रांवरून गमतीने वाद घालतात.

एकदा तेथे ललिता बाबर यांचा विषय निघाला. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील, माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ही कन्या २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. आजूबाजूच्या स्पर्धकांची पावले कुठे पडत आहेत याचे भान कानांनीही ठेवावे लागते. आणि मैदानावरील स्पर्धेत संगीताचे यंत्र बाळगणे जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांना मान्य नाही. ती बाहेरची मदत समजली जाते. अमेरिकेच्या संघटनेने २००७ मध्ये रस्त्यावरील शर्यतींतही अशी यंत्रे सर्वांना बंद केली होती. पुढच्याच वर्षी तो नियम सैल करून प्रामुख्याने पदक-पारितोषिकांसाठी धावणाऱ्यांपुरता ठेवला. मला हा भेद मार्मिक वाटतो. हौसेने धावणाऱ्याला गाणे चालेल. जिंकायला धावणाऱ्याला ते मिळणार नाही. मग जे शर्यतीच्या दिवशी सोबत नसणार, त्याच्या आधाराने वर्षभर सराव का करावा?

यावर एका वयस्क धावपटूने मला निरुत्तर केले. ते म्हणाले, "अहो, मग वारीचं काय? टाळ-मृदंगावरच चालतात ना लोक?"

प्रश्न रास्त होता. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा ओलांडून याच जिल्ह्यातून, लोणंद-फलटणमार्गे पुढे जाते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट सत्तरीतले वारकरीही ठेक्यावर चालून जातात. पण जरा विचार करा. दिंडीतला टाळ कानात खोचलेला नसतो, तो हातात असतो. तो शेजाऱ्याला ऐकू येतो आणि शेजाऱ्याचा आपल्याला. चढ आला की चाल मंदावते आणि भजनही तिच्याबरोबर संथ होते. म्हातारे पाऊल मागे पडले की कुणीतरी हात देतो. ते संगीत माणसाला वाटेपासून तोडत नाही. कानातले गाणे माणसाला एकटे करते आणि त्याची लय कुणासाठी थांबत नाही. माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. गाणे चांगले की वाईट हा प्रश्न नाही. ते आपल्याला वाटेशी जोडते की वाटेपासून तोडते, हे पाहायचे.

उतार आणि घर

उतरताना सावध राहा. उतारावर श्वास मोकळा असतो, म्हणून काम सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरत असतात आणि गुडघ्यांवर भार येतो. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बहुधा उतारामुळेच. द्रुत लयीचे गाणे इथे सर्वांत फसवे. ते पावले लांबवते आणि वेग हाताबाहेर जातो. धावणाऱ्यांनी इथे पावलांचा आवाज ऐकावा. आवाज हलका असेल तर चाल ठीक. धप्प-धप्प होऊ लागला तर आवरते घ्यावे. आपण चालणाऱ्यांनी पाऊल आखूड ठेवावे, काठी असेल तर ती वापरण्यात संकोच मानू नये आणि समोरून येणारे वाहन दिसेल अशा, म्हणजे उजव्या कडेने चालावे.

आता घरातील कारण सांगतो. माझ्या पत्नीला सहा वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतात, त्याचे आता विशेष वाटत नाही. कठीण जाते ते वेगळेच. स्वयंपाकघरातून माजघरात येताना दाराच्या चौकटीत त्यांचे पाय एकाएकी जमिनीला चिकटतात. मन पुढे जाते, पाय जात नाहीत. त्या घटकेला "चल ना" म्हणणाऱ्या माणसाइतका निरुपयोगी कोणी नसतो आणि तो माणूस अनेकदा मीच होतो.

घाटातील त्या सकाळनंतर मुलीने माझी यंत्रे परत केली नाहीत. मात्र पुढच्या फेरीला आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंना विचारून तिने आपल्या मोबाइलवर एक साधी टिकटिक लावून आणली. कंपवातात मेंदूतील आतला ठेका मंदावतो. बाहेरून ठेका दिला की पावलांना धरायला दोरी मिळते. अमेरिकेतील मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन आठवडे ठेक्यावर चालण्याचा सराव केलेल्या रुग्णांचा वेग आणि पावलाची लांबी दोन्ही वाढलेली आढळली. बाईंनी आधी पत्नीची सहज पडणारी पावले मिनिटभर मोजली, त्याला जुळणारा ठेका लावला आणि मग तो हळूहळू किंचित वाढवला. पहिल्या दिवशी चौकटीत पाय अडले. मुलगी शेजारी उभी होती. "आई, घाई नको. ठेका ऐक, मग पाऊल उचल." दोन-तीन ठोके गेले. चौथ्या ठोक्याला पाऊल उंबऱ्यापलीकडे पडले.

तेव्हा मला माझ्या त्या वडीलकीच्या उत्तराची लाज वाटली. ज्याला मी चैन म्हणत होतो, ती माझ्याच घरात काठी ठरली होती. काठीबद्दल आपण असे कधी म्हणत नाही की ती वाईट आहे किंवा ती सर्वांनी धरावी. ज्याला, जिथे आणि जेवढी लागते, तेवढी धरावी.

तेव्हा आमच्या घरी ठरले ते तुम्हालाही सांगतो. घाटात, रस्त्यावर, धुक्यात आणि अंधारात कान उघडे. कठीण सरावाच्या दिवशी, जेव्हा श्वास आणि वेग शिकायचा असतो, तेव्हाही संगीत नाही. घरातील ट्रेडमिलवर, बंद मैदानात, कंटाळवाण्या सोप्या दिवशी, धावण्यापूर्वी उत्साहासाठी आणि नंतर विसाव्यासाठी संगीत अवश्य. आवाज यंत्राच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांवर नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे; आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते आणि रहदारीत आवाज नकळत वाढवलाच जातो. उद्यानातील सुरक्षित वाटेवर गाणे हवेच असेल, तर कान न बुजवणारी यंत्रे निवडावीत किंवा एकच कान वापरावा. कंपवात असलेल्यांनी ठेक्याचा सराव डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानेच, सपाट जागी आणि कोणीतरी शेजारी असतानाच करावा. ठेका सर्वांनाच मानवतो असे नाही.

मुलगी यंदाही घाटाची शर्यत धावणार आहे. शनिवारी पहाटे ती पुढे निघून जाते आणि मी माझ्या वळणापर्यंत, उजव्या कडेने, रिकाम्या कानांनी चालतो. कस्तुराची शीळ आता मला बहुतेक रोज ऐकू येते; ती पूर्वीही असणारच. साडेसातला आम्ही घरी परततो. पत्नी दाराशी येण्यासाठी उठतात, आणि माजघरातली टिकटिक बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येते. ती चौकटीपाशी क्षणभर एकटीच वाजत राहते. मग तिच्यात पावलांचा आवाज मिसळतो. तो मिसळेपर्यंत आम्ही दोघे फाटकाशी थांबून राहतो, काही न बोलता.